आड चंद्रावर, पोहरा कुणाचा?

एप्रिल लागला की आमच्या नारायणगुड्याच्या गल्लीत दोन गोष्टी एकदम वाढतात, इंटरच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, कोचिंगची पोरं आणि पाण्याचे टँकर. दोघांनाही गल्लीत शिरायचं कळतं, निघायचं कळत नाही. आज सकाळी टँकर मागे घेतानाचं ते टूं-टूं ऐकू आलं आणि मी कणीक मळता मळता थांबले. खिडकीतून ओल्या डांबराचा वास आला. गळक्या पाइपनं तापलेला रस्ता भिजला की येतो तो. लोकांना उन्हाळा मोगऱ्याच्या नाहीतर कैरीच्या वासानं आठवत असेल, मला या वासानं आठवतो. आणि त्यातही एकच उन्हाळा आठवतो, दोन वर्षांपूर्वीचा.

त्या उन्हाळ्यात आमच्या घरात दिवसभर पाण्याचीच बोलणी चालत. यात नवल काही नाही, अख्ख्या हैदराबादेत तेच चाललं होतं. इथली जुनी माणसं ऐटीत सांगतात, "गंडीपेट का पानी पिया सो आदमी हैदराबाद छोडके नै जाता." आम्हीही नांदेडकडून आलो ते इथलेच झालो. पण गंडीपेट तलावाचं ते पाणी आमच्या नळाला दिवसाआड आणि नव्या नवरीसारखं लाजत यायचं. बिल्डिंगच्या बोअरनं तर मार्चमध्येच हात वर केले होते. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून आम्ही टँकरची वाट बघत बसायचो. मात्र घरातली बोलणी या पाण्याची नव्हती. ती चंद्रावरच्या, मंगळावरच्या आणि गुरू-शनीच्या कुठल्या कुठल्या चंद्रांवरच्या पाण्याची होती.

हे सगळं माझ्या लेकीचं काम. मैत्री तेव्हा नववीची परीक्षा देऊन मोकळी झाली होती. आदल्या ऑगस्टमध्ये आपलं यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरलं, ते शाळेनं मोठ्या पडद्यावर दाखवलं, आणि तेव्हापासून पोरीनं चंद्र डोक्यावर घेतला होता. तिकडे असे खोल खड्डे आहेत की ज्यांच्या तळाशी कोट्यवधी वर्षं ऊन पोहोचलेलं नाही, आणि त्या अंधारात बर्फ आहे, हे ती जेवताना सांगायची, भांडी लावताना सांगायची, मी ऑफिसला निघताना चपला घालेपर्यंत सांगायची. मी विमा कंपनीत क्लेम तपासते. समोरचा सांगतो त्यातलं निम्मं खरं धरायची मला सवय आहे. पण ही पोरगी सांगायची ते सगळंच खरं निघायचं, त्यामुळे मला बोलायला जागाच उरत नसे.

एकदा टँकर आला तेव्हा आम्ही दोघी बादल्या घेऊन खाली उभ्या होतो. मैत्रीनं टँकरवाल्या यादगिरीलाच गाठलं. गुरूचा एक चंद्र आहे, वरून सगळा बर्फ आणि खाली समुद्र, आपल्या पृथ्वीवरच्या सगळ्या समुद्रांच्या दुप्पट पाणी असेल तिथे, असं तिनं त्याला तेलुगूत रंगवून सांगितलं. यादगिरीनं बिडी बाजूला धरून सगळं ऐकून घेतलं आणि गंभीरपणे म्हणाला, "अम्मा, अंत पेद्द पाइप मा दग्गर लेदु." एवढा मोठा पाइप आमच्याकडे नाही! रांगेतल्या बाया इतक्या हसल्या की कुणाची तरी बादली भरून वाहायला लागली आणि मग त्यावरून भांडण झालं.

या सगळ्यात एकच माणूस तिचं मन लावून ऐकायचा. माझे वडील, आबा. रेल्वेत तिकीटखिडकीवर नोकरी करून निवृत्त झालेले, आई गेल्यापासून आमच्याकडे. पंचाहत्तरी उलटली तरी ताठ, रोज दाढी, रोज इस्त्रीचा पांढरा सदरा. त्यांची एक गोष्ट आमच्या घरात कौतुकानं सांगितली जायची. आबांना पाणी फार कमी लागतं. सकाळी तांब्याभर आणि रात्री जेवताना गिलासभर, की झालं. खिडकीवर आठ-आठ तास बसायचे, पण कधी घोटभर पाण्यासाठी उठले नाहीत. कुणाच्या घरी गेले तरी पाण्याला "आत्ताच झालं" म्हणत. आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये पुण्याहून आलेली सायली राहते, घरूनच कॉम्प्युटरवर काम करते. तिनं किती वेळा आग्रह केला असेल, पण आबांनी तिच्याकडे कधी पाण्याचा थेंब घेतला नाही. टँकरच्या दिवसांत तर आम्ही त्यांचा दाखला द्यायचो, बघा, आबांकडून शिका. मला त्यांचा अभिमान वाटायचा. आमच्या सगळ्या नात्यागोत्यातच हा अभिमान आहे. कमी पाण्यावर भागवणारा माणूस आमच्यात शहाणा समजला जातो.

आमच्या वस्तीतली मराठवाड्याची मंडळी मिळून चौदा एप्रिलला जयंती करतात. निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, पोरांची भाषणं, खीर, आणि कोपऱ्यावर येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी पाणपोई. शिवाय एक देखावा असतो. तो वर्षानुवर्षं एकच, थर्माकोलचं चवदार तळं आणि त्यात खरंखुरं पाणी. त्या वर्षी कमिटीच्या बैठकीत प्रश्न आला की तळ्यात ओतायला पाणी आणायचं कुठून. पाणपोईला पुरतंय की नाही याचीच खात्री नव्हती. तेव्हा मैत्री उठून म्हणाली, "आपन चंद्रावरचं पाणी दाखवू ना! त्याला पाणीच लागत नै. थोडासा बर्फ बस."

कमिटीचे प्रमुख साळवेकाका. त्यांनी चष्म्यावरून बघितलं. "बाई, चंद्राचा आणि जयंतीचा काय संबंध?"

मैत्रीनं मागे वळून बघितलं. आबा मागच्या खुर्चीत होते, ते म्हणाले, "असंल काहीतरी. पोरगी हुडकंल की." साळवेकाकांनी थोडा विचार केला, पाणी लागत नाही हा मुद्दा त्यांना पटला असावा, आणि देखावा मंजूर झाला. अट एकच, माहिती मराठीत सांगायची. पोरीचं तोंड उतरलं. तिचं मराठी म्हणजे आमच्या घरातलं बोलणं, त्यात हैदराबादी उर्दू, तेलुगू, इंग्लिश सगळं कालवलेलं. तिनं भाषण इंग्लिश अक्षरांत लिहून काढलं आणि आबांना मास्तर नेमलं.

सामान आणायला आजोबा-नात बेगम बाजारला निघाले. ती म्हणाली, आधी अफझलगंजच्या लायब्ररीत एक चित्रांचं पुस्तक बघायचंय. मुसीच्या काठी बस अडकली तेव्हा खाली नदीच्या नावाखाली जे काही होतं ते बघून ती म्हणाली, "आबा, मंगळावर बी ऐसीच सुकलेली नदियां आहेत." आबा म्हणाले, "मग तिथंबी मोठं शहर वसलं असंल कधीतरी." ही गोष्ट तिनं मला घरी येऊन हसत सांगायची होती. पण त्या दुपारी ती मला फोनवर रडत भेटली.

काळा रंग, जिलेटिनचे कागद, पत्र्याचं मोठं घमेलं अशी खरेदी करत दोघं भर दुपारी बेगम बाजारात फिरत होती. मैत्रीनं आपली बाटली दोनदा पुढे केली. दोन्ही वेळा आबा म्हणाले, "पी तू. मला नाही लागत." आणि मसाल्याच्या एका दुकानासमोर ते खाली बसले ते आडवेच झाले. दुकानाच्या दारात लाल कपडा गुंडाळलेला माठ होता, वर साखळीला बांधलेला गिलास होता, कुणीही प्यावं म्हणून ठेवलेला. दुकानदारानं तेच पाणी त्यांच्या तोंडावर मारलं आणि रिक्षात घालून दिलं. मैत्री मला पुन्हापुन्हा एकच सांगत होती, "आई, मटका सामनेच होता. हातभर लांब होता."

दवाखान्यात त्यांना सलाइनवर ठेवलं. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघून मला बाहेर बोलावलं. मूत्रपिंडं थकली होती. एका दिवसात थकली नव्हती, वर्षानुवर्षं कोरडी राहून थकली होती. "औषध देते, पण खरं औषध पाणी आहे. ठरवून, तहान असो नसो, प्यायचं. नाहीतर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत डायलिसिसवर येतील. त्या वयाला ते झेपेलच असं नाही." मी मान हलवली. ज्या गोष्टीचं आम्ही घरभर कौतुक करत होतो ती माझ्या बापाला आतून वाळवत होती, हे कळल्यावर मला तिथंच रडू फुटलं.

घरी आल्यावर सुरू झाला पाणी पाजण्याचा उद्योग. मैत्रीचे पप्पा आणि मी दोघं नोकरीला. सकाळी त्यांच्या उशाशी बाटल्या भरून ठेवायच्या, संध्याकाळी येऊन बघावं तर बाटल्या तशाच, काठोकाठ. फोनमध्ये गजर लावला, ते तो गुपचूप बंद करत. मी चिडले, मैत्रीनं लाडीगोडी लावली, तिच्या पप्पांनी लिंबूपाणी, ताक, खरबूज असे सगळे मार्ग चोखाळले. आबा सगळ्यांचा मान ठेवून दोन घोट घेत आणि मग, "बास. तहानच न्हाई लागत मला, तर काय करू?" ते खोटं बोलत नव्हते, हे मला फार उशिरा कळलं.

कळलं ते भाषणाच्या तालमीत. संध्याकाळी सहाच्या सुमाराला उन्हं उतरली की आम्ही बाल्कनीत बसायचो. मैत्रीनं घमेलं आतून काळं रंगवलं होतं, तळाशी राखेत बर्फाचे खडे खुपसले होते, आणि विजेरी आडवी धरून ती दाखवायची की ऊन कडेकडेनं जातं, तळाला जात नाही. आबा खाटेवर बसून शब्द सुधारायचे. "खड्ड्यामंदी नको, खड्ड्यात म्हण. स्टेजवर हाय तू." त्या दिवशी ती भाषणाच्या शेवटाला आली. माणसं तिथे वस्ती करतील, तो बर्फ वितळवून पितील, त्यापासून रॉकेटचं इंधन करतील, वगैरे. आबांनी हात वर केला.

"पण ते पाणी कुणाचं?"

"कुनाचंच नै. सगळ्यांचं. मोठा करार झालाय ना आबा, चंद्रावर कोनताच देश मालक होऊ सकत नै."

"चांगलं झालं."

"पण," मैत्री थोडी अडखळली, "आता थोडे देश बोलतेत, जागा सबकी है, पण जो बर्फ निकालेगा ना, काढेल, तो काढलेला बर्फ त्याचा."

आबांनी घमेल्यात वाकून बघितलं. मग म्हणाले, "म्हंजे विहीर सगळ्यांची. पोहरा त्याचा."

मैत्रीला पोहरा म्हणजे काय ते माहीत नव्हतं. आबांनी सांगितलं, विहिरीतून पाणी शेंदायचं भांडं. आणि मग, इतक्या वर्षांत जे मला कधी सांगितलं नाही ते तिला सांगितलं, पाढे सांगावे तसं साधेपणानं. गावाची विहीर गावाचीच होती, कागदोपत्री सगळ्यांची. पण पोहरा टाकायचा हक्क आबांच्या माणसांना नव्हता. आबांची माय घागर घेऊन लांब उभी राहायची. कुणी शेंदणारा आला आणि त्याला वाटलं, तर वरून ओतायचा. सुगीच्या दिवसांत सगळे रानात, मग विहिरीवर कुणीच येत नसे. पाणी खाली दिसायचं, आणि मायलेक उन्हात वाट बघत बसायचे. शाळेतही तेच, माठ होता पण हात लावायचा नाही. "माय म्हणायची, तहान लागली असं म्हणू नको बाळा. म्हणलं की वाढती. म्हून मी म्हणायचंच सोडून दिलं. मग हळूहळू ती लागायचीच बंद झाली." ते जरा हसले. "आन् मी ठरीवलं, जलमात कुणाला पाणी मागायचं न्हाई."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. तिकडे वरण उतू गेलं. आमच्या महाडच्या तळ्याची गोष्ट मी शंभर जयंत्यांत ऐकली, त्यावर टाळ्या वाजवल्या, शाळेत बक्षीसही मिळवलं. आणि ज्या माणसाच्या मांडीवर बसून ऐकली त्याच्या घशात ती अजून अडकलेली आहे, हे मला ठाऊक नव्हतं. माझा राग कुणावर काढावा तेच कळेना. विहीर कधीच मोकळी झाली होती, आता तर तिथे नळयोजना आहे. पण शरीराला कुणी जाऊन सांगितलंच नव्हतं की बाबा, आता वाट बघू नकोस.

जयंतीच्या दिवशी पारा चढला होता. मंडपात सगळ्यांच्या साड्या-सदरे घामानं चिकटले होते. मैत्रीचा नंबर येईपर्यंत चंद्रावरचा निम्मा बर्फ वितळला आणि राखेचा चिखल झाला. तिनं चिखलासकट दाखवलं. खड्डे दाखवले, सावली दाखवली, शनीचा एक चिमुकला चंद्र कसा आपल्या फटींतून पाण्याची कारंजी अवकाशात उडवतो ते हातवारे करून सांगितलं. मग ती थांबली आणि म्हणाली, "साळवेकाका बोलले होते, चंद्राचा आणि जयंतीचा काय संबंध. माझे आबा बोलले, विहीर सगळ्यांची आणि पोहरा एकाचा असेल तर ती विहीर सगळ्यांची नसते. आपल्याला हे माहीत आहे. जगात हे आपल्याएवढं कुणालाच माहीत नाही. म्हणून चंद्रावर पाणी काढायचे नियम लिहितील तेव्हा आपल्यातलं कुणीतरी तिथे बसायला पाहिजे. मी बसणार."

एवढं शुद्ध मराठी ती त्याआधी कधी बोलली नव्हती, त्यानंतरही बोललेली नाही. टाळ्या पडल्या. साळवेकाकांनी चष्मा काढून पुसला आणि ते कुणावर तरी उगाच ओरडले, की पाणपोईवर गिलास कमी का पडले. मला मात्र त्या टाळ्यांत एकच दिसत होतं, आबांच्या खुर्चीजवळचा भरलेला गिलास. त्यांनी त्याला हात लावला नव्हता. एका भाषणानं साठ-पासष्ट वर्षांची सवय सुटत नसते. पोरीनं चंद्र जिंकला तरी मूत्रपिंडांना त्याचं काय?

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मैत्री त्यांना फोनवर चित्रं दाखवत होती. गुरूच्या बर्फाळ चंद्रांकडे एक यान निघालं आहे, आदल्या वर्षी याच दिवसांत सुटलं. ते तिथे जाऊन बर्फाखालचा समुद्र खरंच आहे का, कसा आहे, ते बघणार.

"मग काय दिसलं त्याला?" आबांनी विचारलं.

"अब्बी कहां! रास्त्यात आहे अजून. सात साल लगते."

"सात?" आबांनी मनात हिशेब केला असावा. आपलं वय, डॉक्टरीणबाईंचं बोलणं आणि त्या यानाचा रस्ता. मी भाजी निवडत होते, पण माझं सगळं लक्ष तिकडे. मग ते खाटेवरून उठले, माठापाशी गेले, झाकण काढलं, ओगराळं बुडवलं आणि गिलास भरून घेतला. उभ्याउभ्याच प्यायले. तोंड वाकडं केलं, कडू काढा प्यावा तसं. पुन्हा भरला.

"तहान लागली?" मैत्रीनं टाळी पिटत विचारलं.

"न्हाई लागली," ते म्हणाले. "पण पोचल्यावर ते काय बघतंय ते मला बघायचंय."

तेव्हापासून त्यांचं चाललं आहे. तहान अजूनही लागत नाही, ते पितात मात्र, हट्टानं. रिपोर्ट सुधारले असं डॉक्टरीणबाई म्हणत नाहीत, पण बिघडले असंही म्हणत नाहीत, आणि क्लेम तपासणाऱ्या बाईला एवढा फरक पुरतो. मैत्री आता इंटरला आहे, सकाळी सहाला कोचिंगला जाते, रात्री दमून येते. जाता-येता आबा तिला विचारतात, कुठवर आलं गं? जशी काही नांदेडहून येणारी एसटी! ती फोन उघडून सांगते. मला त्या अंतरातलं काही कळत नाही. पण इतक्या लांब, अंधारातून, नुसतं पाणी बघायला काहीतरी निघालेलं आहे, आणि माझा बाप त्याच्यासाठी थांबला आहे, याचा मला फार आधार वाटतो.

आणि आज. सकाळचा तो टँकर आमच्या बिल्डिंगचा नव्हताच, शेजारच्यांचा निघाला. आमचा आलाच नाही. घरात पिण्याचं पाणी तळाला गेलेलं, मी ऑफिसातून चार वेळा फोन केला, आबांनी उचलला नाही. शेवटी दुपारी अर्धी रजा टाकून धावत आले. दार नुसतं ओढून घेतलेलं, आत कुणी नाही, खाट रिकामी, माठ कोरडा. बेगम बाजारचा तो फोन डोळ्यांपुढे उभा राहिला. जिन्याकडे वळले, तेवढ्यात समोरच्या सायलीच्या फ्लॅटचं दार अर्धवट उघडं दिसलं आणि आतून आवाज आला.

"एवढ्याशा गिलासानं काय व्हतंय, पोरी? तांब्या भरून दे. पाच वर्सं काढायचीत मला अजून."